मधल्या जागेवर कोण बसतं?

*नमस्कार ताई. आमची २०११ सालची वॅगन आर आता थकली. घरात आम्ही पाच जण: मी, हे, सासू-सासरे आणि बारावीतला मुलगा. मुलाची उंची ५ फूट ११ इंच. सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याची वाटी गेल्या वर्षी बदलली, शिवाय त्यांना घाटात गाडी लागते. सासरे ७६ वर्षांचे, तासभर बसले की कंबर धरते. वर्षातून तीनदा आम्ही कणकवलीजवळच्या गावी जातो, गणपतीला तर नक्कीच. बजेट सगळं धरून १३ लाख. यांना स्कोडाची कायलॅक आवडली, कारण डिकी ४४६ लिटरची. दीर म्हणतात महिंद्राची थ्रीएक्सओ घ्या, व्हीलबेस मोठा आहे. मुलाला सनरूफ हवं. सीएनजीचाही विचार आहे. आकडे वाचून गोंधळ झालाय. आतून ऐसपैस आणि बसायला आरामाची अशी यातली कोणती? मलाही गाडी येते, पण गावी जाताना हेच चालवतात.*
*— एक वाचक, सिंहगड रोड, पुणे*

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. सासूबाईंचा गुडघा पत्रात आहे, सासऱ्यांची कंबर आहे, मुलाची उंची आहे, यजमानांची डिकी आहे. तुम्ही कुठे बसता, ते मात्र नाही. मग मीच हिशेब मांडला. गाडी हे चालवणार. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे सासरे पुढे बसणार. मागे एका खिडकीशी सासूबाई, दुसऱ्या खिडकीशी लांब पायांचा मुलगा. मधे उरता तुम्ही. कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, मग कणकवली. थांबे धरून सात-आठ तास.

हे माझ्या लक्षात आलं त्याला कारण आहे. २०१४ साली आम्ही अशीच एक उंच, आखूड गाडी घेतली. शोरूममध्ये पंधरा मिनिटांत ठरवली. मी पुढे बसून डॅशबोर्ड न्याहाळला, बाबांनी दार दोनदा उघडून लावून पाहिलं, आई मागे क्षणभर टेकली आणि ‘छान आहे’ म्हणाली. पुढची पाच वर्षं सातारा असो, जेजुरी असो, कुणाचं लग्न असो, आई मधे. एकदा तिला ताप होता म्हणून खिडकी दिली आणि मी पहिल्यांदा तिच्या जागेवर बसले. खंबाटकी ओलांडेपर्यंत पाठीतून कळ यायला लागली. खालची बैठक मधे फुगीर, त्यामुळे एकदा डावीकडे घसरायचं, एकदा उजवीकडे. पाठीला घडी करून ठेवलेल्या आर्मरेस्टची कडक बाजू. खाली मधला उंचवटा, म्हणून एक पाय बाबांच्या बाजूला, एक आईच्या. गुडघ्यांना समोरच्या एसी व्हेंटची कड. डोकं टेकायला काहीच नाही. घरी आल्यावर तिला विचारलं, तू इतकी वर्षं काही बोलली का नाहीस? तर म्हणाली, ‘मधे बसलं की दोन्हीकडे डबा द्यायला बरं पडतं.’

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी मधल्या जागेपासूनच देणार आहे. खिडकीशी बसलेल्या दोघांना बऱ्यापैकी आराम हल्ली छोट्या एसयूव्हींच्या या वर्गातली जवळपास प्रत्येक गाडी देते. मागे तिसरं माणूस बसलं की गाड्यागाड्यांतला फरक उघडा पडतो.

आधी या गाड्या आतून अशा का असतात ते थोडक्यात सांगते, म्हणजे आकड्यांचा धाक जाईल. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. लहान म्हणजे लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. कर बदलत गेले, ती रेघ मात्र राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीतही रेघेच्या आत १८ टक्के आणि बाहेर ४० टक्के. म्हणूनच टाटाची नेक्सॉन, मारुतीची ब्रेझा, ह्युंदाईची व्हेन्यू, किआच्या सोनेट आणि सायरॉस, शिवाय कायलॅक या सगळ्यांची लांबी ३९९५ मिलिमीटर आणि थ्रीएक्सओची ३९९०. २०१३ साली फोर्डची इकोस्पोर्ट आली तेव्हा ती ३९९९ मिलिमीटरची होती आणि स्टेपनी मागच्या दाराबाहेर टांगलेली होती. (ब्रेझाचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं आहे. त्यामुळे लांबी बसूनही ती १८ टक्क्यांत बसत नाही. किमतींची तुलना करताना हे ध्यानात ठेवा.)

म्हणजे भाकरी सगळ्यांना सारखीच, चार मीटरची. इंजिन, माणसं आणि सामान या तिघांत ती वाटायची. कंपनीने कुणाला मोठा तुकडा दिला आणि कुणाला चतकोर, तेवढंच आपल्याला शोधायचं असतं.

तुमच्या दिरांचा मुद्दा चुकीचा नाही. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे व्हीलबेस, आणि तो मोठा असला की माणसांच्या वाट्याला जास्त यायची शक्यता असते. थ्रीएक्सओचा २६०० मिलिमीटर, कायलॅकचा २५६६, सायरॉसचा २५५०, ब्रेझा आणि सोनेटचा २५००, नेक्सॉनचा २४९८. पण ही फक्त शक्यता. एकाच घरातली जोडी बघा. सोनेट आणि सायरॉस दोन्ही किआच्या, लांबी दोघींची तीच. व्हीलबेसमध्ये फरक फक्त ५० मिलिमीटर, म्हणजे तीन बोटांचाही नाही. तरी सोनेटमध्ये मागे बसलं की गुडघे पुढच्या सीटशी बोलायला लागतात आणि सायरॉसमध्ये मोकळं वाटतं. सायरॉस १६८० मिलिमीटर उंच आहे, म्हणून त्यात माणसाला जरा ताठ आणि वर बसवता येतं. ताठ बसलेल्या माणसाला पायांसाठी कमी लांबी पुरते. शिवाय तिची मागची सीट पुढेमागे सरकते आणि पाठ कलते. लांबीत जे मिळत नाही ते उंचीत मिळवलं. तुमची जुनी वॅगन आर इतकी आखूड असून पाच माणसं कशी न्यायची, त्याचं गुपितही हेच. उंच छप्पर आणि खुर्चीसारखी बैठक.

आता कंपनीच्या पत्रकात कधीच न छापलेल्या गोष्टी.

गुडघ्यापुढे जागा दाखवायचा सोपा मार्ग म्हणजे मागच्या सीटची बैठक आखूड करणं. शोरूममध्ये बसलात की गुडघा आणि पुढची सीट यात वीतभर अंतर दिसतं, माणूस खूश होतो. दीड तासाने मांड्या लोंबकळायला लागतात, सगळा भार कमरेवर येतो, आणि सासऱ्यांच्या कंबरेला हेच नको असतं. म्हणून पाठ पूर्ण टेकून बसा आणि बैठकीची पुढची कड व गुडघ्यामागची खळी यात किती अंतर आहे ते हाताने बघा. दोन-तीन बोटं असावीत. पूर्ण पंजा मावला तर बैठक आखूड आहे. त्याच वेळी पायांकडेही लक्ष द्या. तळपाय जमिनीवर सपाट ठेवल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर गेले, तर मांडीला आधार उरत नाही, बैठक कितीही लांब असली तरी. पायाखाली बॅटरी असलेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांत हे जाणवतं, कारण जमीनच वर आलेली असते.

दुसरं, फोम. बसताक्षणी लोण्यासारखी वाटणारी सीट लांबच्या प्रवासाला बरेचदा दगा देते. मऊ फोम तासाभरात दबतो आणि मग खालची चौकट टोचायला लागते. जरा घट्ट वाटणारी सीट पहिल्या पाच मिनिटांत आवडत नाही, पण गावी पोचल्यावर माणूस सरळ उभा राहतो. आपल्या कापसाच्या गादीचं आणि स्पंजच्या गादीचं जे, तेच इथेही. कायलॅकच्या सीट घट्ट आहेत, आणि मी ते तिच्या जमेच्या बाजूला मांडते. नेक्सॉनच्या सीट रुंद आहेत, अंगाने भरलेल्या माणसाला त्या मानवतात.

तिसरं, खांदे. गाडीची बाहेरची रुंदी सगळे छापतात: थ्रीएक्सओ १८२१ मिलिमीटर, नेक्सॉन १८०४, ब्रेझा आणि सोनेट १७९०, कायलॅक १७८३. पण त्यातून दारांची जाडी वजा होते. आत खांद्याच्या उंचीवर साधारण १३० ते १४० सेंटिमीटर उरतात. मोठ्या माणसाचे खांदे ४० ते ४५ सेंटिमीटर धरा आणि तिघांची बेरीज करा. म्हणजे इथे एकेका बोटाला किंमत आहे. शिंप्याची टेप घेऊन जा आणि खांद्याच्या उंचीवर या दारापासून त्या दारापर्यंत मोजा. विक्रेता थोडा चमकेल, मोजू द्या म्हणावं. मग बैठकीच्या उंचीवर, म्हणजे कमरेच्या रेषेत, पुन्हा मोजा. कारण मधे बसणाऱ्याची खरी अडचण तिथे होते, दोन्ही बाजूंच्या सीट बेल्टची बकलं मांडीखाली येतात.

मधल्या जागेला तीन टेकूंचा, म्हणजे खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा बेल्ट आणि स्वतःचं हेडरेस्ट आहे ना, हे तुम्ही ज्या व्हेरियंटचे, म्हणजे त्याच गाडीच्या कमी-जास्त सोयींच्या ज्या प्रकाराचे, पैसे भरणार आहात त्यातच बघा. शोरूममधली आणि टेस्ट ड्राइव्हची गाडी बहुतेक वेळा सगळ्यात वरची असते. मागे बसणाऱ्यालाही बेल्ट कायद्याने लावावाच लागतो. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. ते मागे बसले होते, बेल्ट लावलेला नव्हता. तेव्हा हेडरेस्ट आणि बेल्ट या बाबतीत ‘आपण काय, घरचेच आहोत’ असं म्हणू नका.

आता सासूबाई. त्यांच्याबद्दल मला तुमच्या घरातली रीत मोडायला सांगायची आहे. त्यांना पुढे बसवा. गाडी लागते ती डोळे एक सांगतात आणि कानातला तोल सांभाळणारा भाग दुसरंच सांगतो म्हणून. मागे बसलेल्या माणसाला समोर हेडरेस्ट दिसतं आणि शरीराला मात्र वळणं जाणवतात. पुढे बसून नजर रस्त्यावर ठेवली की दोघांचं जुळतं. फोंडा घाट उतरताना याचा फरक तुम्हाला स्वतःला दिसेल. दुसरं कारण गुडघ्याचं. पुढची डावी सीट पूर्ण मागे सरकवता येते, पाय पसरून ठेवता येतो, हवा तेव्हा हलवता येतो. मागे कितीही जागा असली तरी पाय वाकलेलाच राहतो. सासऱ्यांना हे कसं सांगायचं ते तुमच्यावर सोपवते, पण डॉक्टरांचं नाव पुढे केलं की बहुतेक घरांत काम होतं, आणि इथे डॉक्टरही तेच सांगतील.

चढण्या-उतरण्यासाठी एक घरगुती माप सांगते. घरातल्या कुठल्या खुर्चीवरून सासूबाई हात न टेकता उठतात? तिच्या बैठकीची उंची मोजा, बहुधा ४५ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. साध्या खुर्चीतून उठताना गुडघा काटकोनापेक्षा जरासाच जास्त वाकतो. बैठक जितकी खाली, तितका तो जास्त वाकवावा लागतो. गाडीची सीट जमिनीपासून त्या खुर्चीपेक्षा थोडी वर असलेली चालते, उलट बरीच. सासूबाई गाडीशेजारी उभ्या राहिल्या की सीटची कड मांडीच्या मध्यावर यायला हवी. कमरेपर्यंत आली तर चढावं लागेल, गुडघ्याजवळ आली तर पडल्यासारखं बसावं लागेल. आणि दाराचा उंबरा बघा. सीट चांगली असूनही उंबरा रुंद असेल तर पाय लांब टाकावा लागतो, आणि बदललेल्या वाटीला तेच जड जातं.

बसायची पद्धतही बदला. आधी पाठ सीटकडे करायची, सीटच्या कडेवर बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत वळवायचे. सीटवर जुन्या रेशमी साडीचा घडी केलेला तुकडा ठेवला तर अंग अलगद फिरतं. फक्त निघायच्या आधी तो काढून घ्या, नाहीतर ब्रेक लागला की माणूस पुढे सरकतं. आणि दर दीड-दोन तासांनी दहा मिनिटं चालणं. साताऱ्याला एकदा, कराडच्या पुढे एकदा, राधानगरीला एकदा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने सलग बसून राहू नये, एवढं पक्कं धरा.

सासूबाई पुढे आल्या की मागे सासरे, तुम्ही आणि मुलगा. मुलाला ड्रायव्हरच्या मागे बसवा, कारण सासूबाईंसाठी पुढची डावी सीट पूर्ण मागे गेलेली असेल. सासऱ्यांची उंची बेताची असेल तर त्यांना डावीकडे अडचण येणार नाही, पण बसवून बघाच. आणि सनरूफचं म्हणाल, तर त्याच्या चौकटीला छतात जागा लागते, ती डोक्यावरूनच जाते. ५ फूट ११ इंचाच्या मुलाला सनरूफवाल्या आणि बिनसनरूफच्या अशा दोन्ही गाड्यांत मागे ताठ बसवा. ज्यात केस छताला लागतील ती त्याची त्यालाच नकोशी होईल. तुम्हाला वादच घालावा लागणार नाही.

डिकीबद्दल यजमानांना माझं एवढंच सांगणं. लिटर हा आकडा सगळ्यांचा सारखा मोजलेला नसतो. एका पद्धतीत २० बाय १० बाय ५ सेंटिमीटरचे ठोकळे डिकीत रचतात, प्रत्येक ठोकळा बरोबर १ लिटरचा. कुणी झाकणाच्या फळीपर्यंत रचतं, कुणी थेट छतापर्यंत. म्हणून कायलॅकचे ४४६, सायरॉसचे ३९०, नेक्सॉनचे ३८२, थ्रीएक्सओचे ३६४ आणि ब्रेझाचे ३२८ हे आकडे शेजारी मांडून निकाल लावता येत नाही. २४ इंची ट्रॉली बॅग ६५-७० लिटरची असते. घरातल्या दोन मोठ्या बॅगा शोरूममध्ये न्या आणि ठेवून बघा. जाताना बॅगा आणि आरासीचं सामान, येताना तांदूळ, नारळ, कोकमं, मे महिना असेल तर आंब्याच्या पेट्या. पेटी आडवी बसते का, आणि डिकीचा काठ जमिनीपासून किती वर आहे, हे लिटरपेक्षा महत्त्वाचं. तांदळाचं पोतं उचलून त्या काठावरून आत टाकायचं आहे, आणि ते काम सासरे करायला धावतील हे तुम्हालाही ठाऊक आहे.

सीएनजीचा विचार डिकीपाशीच संपतो. ब्रेझासारख्या गाडीत टाकी डिकीतच बसते आणि सामानाला फारसं काही उरत नाही. नेक्सॉनच्या सीएनजीत दोन लहान टाक्या खाली बसवून ३२१ लिटर राखले आहेत. सीएनजीच हवं असेल तर ती एक बघा.

मग घ्यायची कोणती? तुमच्या पाच जणांसाठी मी या क्रमाने जाईन. आधी थ्रीएक्सओ. ती या सगळ्यांत रुंद आहे, व्हीलबेसही मोठा, आणि तीन मोठी माणसं मागे बसवायची तर तिच्यापासून सुरुवात करणं योग्य. त्याची किंमत डिकीने मोजली आहे, बॅगा ठेवून बघितल्याशिवाय हो म्हणू नका. मग सायरॉस, खास सासऱ्यांसाठी. पाठ थोडी मागे कलली की कमरेवरचा भार हलका होतो, आणि गाडीत तीनच माणसं असतील त्या दिवशी सीट पुढे सारून डिकी ४६५ लिटरपर्यंत वाढते. सरकणारी सीट सगळ्या व्हेरियंटमध्ये नसते, तेवढं विचारून घ्या. तिसरी ब्रेझा. १६८५ मिलिमीटर उंच, काचा मोठ्या, बसायची पद्धत तुमच्या वॅगन आरच्या जवळची. सासूबाईंना तिच्यात पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटेल.

कायलॅक मला मनापासून आवडते. चालवायला ती सुरेख आहे, सीट उत्तम. वरच्या व्हेरियंटमध्ये पुढच्या दोन्ही सीट बटणाने वरखाली होतात, म्हणजे सासूबाईंच्या मापाची उंची लावता येते, पण ते व्हेरियंट तुमच्या बजेटला ताण देईल. चौघांचं कुटुंब असतं तर मी तिचं नाव पहिलं घेतलं असतं. तुम्ही पाच आहात, आणि मधल्या माणसाच्या पायांशी तिच्यात चांगलाच उंचवटा आहे. यजमानांना हे वाईट वाटेल, पण ४४६ लिटरमध्ये तुम्ही बसणार नाही आहात.

एक नाव तुमच्या यादीबाहेरचं. मारुतीची एर्टिगा. एसयूव्ही नाही, दिसायला तितकी रुबाबदार नाही, आणि रुंदी तर १७३५ मिलिमीटर, म्हणजे तिघांना शेजारी बसवायला ती यांच्यापेक्षा अरुंदच. पण तिघांनी शेजारी बसायची गरजच पडत नाही. लांबी ४३९५, व्हीलबेस २७४०, ओळी तीन. दुसऱ्या ओळीत दोघं, तिसऱ्या ओळीत एक आणि तिसऱ्या ओळीचा दुसरा भाग पाडून सामान. मुलगा आणि तुम्ही कोल्हापूरला जागा बदलू शकता. मधली जागा नावालाही उरत नाही. तुमच्या बजेटात बसणारी व्हेरियंट आहेत. घाटातल्या अरुंद रस्त्यावर आणि सिंहगड रोडच्या पार्किंगमध्ये ती जास्तीची लांबी जाणवेल, हे खरं. तरी एकदा बसून बघा, मग नाही म्हणा.

गाडी ठरली की सीट कव्हरच्या बाबतीत घाई करू नका. डीलर जाड रेक्झिनची कव्हरं गळ्यात मारतात. कोकणातल्या दमट हवेत ती अंगाला चिकटतात, आणि जाड थरामुळे सीटचा मूळ आकार बदलतो, म्हणजे इतकं मोजून घेतलेलं सगळं वाया. त्याहून मोठी गोष्ट, बाजूच्या एअरबॅगा पुढच्या सीटच्या कडेतून उघडतात. घट्ट शिवलेलं कव्हर त्यांची वाट अडवतं. कापडी मूळ सीट चांगली असते, तशीच राहू द्या. फारच वाटलं तर एअरबॅगसाठी कडेची शिवण मोकळी ठेवलेलं कव्हर मागा.

शोरूमला शनिवार-रविवारी जाऊ नका, मधल्या वारी सकाळी जा. पाचही जण जा. तीन-चार किलोमीटरची फेरी देतील, ती नको म्हणा. गाडी घरी मागवा आणि जुन्या कात्रज घाटातून वर जाऊन परत या. गतिरोधक मिळतील, खड्डे मिळतील, वळणं मिळतील. सासूबाईंना पुढे बसवा, सासरे आणि मुलगा खिडक्यांशी. चाळीस मिनिटं तरी बसा, तोवर मऊ सीटचं सोंग उतरतं. आणि ताई, तुम्हाला गाडी येते ना? त्या दिवशी तुम्ही चालवा. मधल्या जागेवर यजमानांना बसवा.